शाळेचं वर्ष बर्फाच्या आधी संपू द्या

काश्मीर खोऱ्यातल्या शाळांची वार्षिक परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच व्हायला हवी, मार्चमध्ये नव्हे. सांगली-साताऱ्याच्या वाचकाला ही दूरच्या मुलखातली सरकारी बाब वाटेल. तरीही ती मी मराठी वर्तमानपत्रात मांडते आहे. २०२२ साली ज्या विचाराने काश्मीरचं शैक्षणिक वर्ष उर्वरित देशाच्या वेळापत्रकाला बांधलं गेलं, तोच विचार आता महाराष्ट्रातल्या शाळांच्या दारापर्यंत आला आहे. शिवाय माझी स्वतःची मुलं त्या बदलातून गेली आहेत.

आम्ही खानापूर तालुक्यातले, धंदा गलाईचा. विटा, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली आमची माणसं देशात जिथे सराफ बाजार आहे तिथे पोहोचली, तशी श्रीनगरलाही पोहोचली. सराफांकडची मोड वितळवायची, सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, हे आमचं काम. लाल चौकाच्या आसपास आमची काही घरं आहेत, भाद्रपदात गणपती बसतो. मी डी.एड. झालेली आहे. इथे आल्यापासून घरीच लहान मुलांच्या शिकवण्या घेते. त्यात आपली मराठी मुलं आहेत आणि गल्लीतली काश्मिरी मुलंही. हिवाळ्यात शाळा बंद असतात, तेव्हा माझ्याकडची गर्दी वाढते.

खोऱ्यातला हिवाळा लोकांनी नावं देऊन वाटून घेतलेला आहे. २१ डिसेंबरला सुरू होतो तो चिल्लई कलान, चाळीस दिवसांचा. त्याच्यामागून वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ याच दिवसांत हिमालयाला धडकतात आणि खोरं बर्फाने भरतं. बर्फाला इथे शीन म्हणतात. पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना शीन मुबारक म्हणतात आणि ते मनापासून असतं, कारण हाच बर्फ उन्हाळ्यात झेलमला आणि भातखाचरांना पाणी देतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते, तेव्हा मशिदींमधून बर्फासाठी प्रार्थना झाल्या. बर्फ नको, असं इथे कुणीही म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

पण तो पडला की घरात काय होतं, ते गुलमर्गच्या छायाचित्रांत दिसत नाही. सकाळी नळाला पाणी नसतं. पाइपातलं पाणी गोठलेलं असतं, म्हणून पाइपाला जुनी गोणपाटं बांधायची आणि वरून गरम पाणी ओतत राहायचं. २१ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे चिल्लई कलानच्या पहिल्याच दिवशी, श्रीनगरचा पारा उणे साडेआठ अंशांवर गेला. डिसेंबरात इतकी थंडी पन्नास वर्षांत पडली नव्हती. अशा दिवशी आदल्या रात्री भरून ठेवलेली बादलीसुद्धा वरून कडक होते. छपरं उतरती, पत्र्याची असतात. दुपारी ऊन आलं की त्यांवरचा बर्फ एकदम सुटून खाली येतो. त्याखाली माणूस सापडला तर जीवही जातो, म्हणून मुलांना पहिली ताकीद असते ती भिंतीलगत न चालण्याची. शिकवणीला येणाऱ्या मुलांसाठी मी दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत वाट काढते, ती फावड्याने. मोठ्या रस्त्यांवरून यंत्रं फिरतात. ती गल्लीत शिरत नाहीत, आणि मोठ्या रस्त्यावरून सारलेला बर्फ गल्लीच्या तोंडाशी येऊन साचतो.

वीज हा तर हिवाळ्याचा मोठा प्रश्न आहे. ज्या नद्यांवर इथली जलविद्युत केंद्रं आहेत, त्या नद्या थंडीतच आटतात आणि मागणी तेव्हाच सगळ्यात जास्त असते. म्हणून भारनियमन. संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसतात त्या वेळेला दिवे जातात. मग फेरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, आत कांगडी घेऊन बसायचं. विलोच्या फोकांची विणलेली टोपली, आत मातीचं भांडं, त्यात निखारे. एक हात आत कांगडीवर आणि दुसऱ्या हाताने लिहायचं, आणि लिहिणारा हात बधिर झाला की तो आत घ्यायचा. लहान मुलाने असं तासभर शुद्धलेखन केलं की त्याचं अक्षर शेवटच्या ओळींत कसं होतं, ते त्याच्या वहीत मला दिसतं. ज्या घरांत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, किंवा गॅसचा हीटर आहे, तिथे खोली ऊबदार असते, पण दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या असतात. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठन भागात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एकाच कुटुंबातले पाच जण गुदमरून गेले. त्यानंतर मी माझ्या शिकवणीच्या खोलीची एक खिडकी बोटभर उघडी ठेवते. मुलं कुडकुडतात, पण मी ती लावू देत नाही.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद झाला की इथे भाजी, कोंबडी, मटण महागतं आणि मालाचे ट्रक काझीगुंडच्या अलीकडे-पलीकडे रांगा लावून उभे राहतात. पूर्वी जवाहर बोगद्याच्या तोंडाशीच बर्फ अडवायचा. २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा खालच्या उंचीवर सुरू झाला, तेव्हा ती अडचण पुष्कळ कमी झाली. तरी रामबन-बनिहालच्या टप्प्यात पावसाने, बर्फाने दरडी येतातच. जानेवारी २०२१ मध्ये महामार्ग आणि विमानतळ दोन्ही एकाच वेळी बंद होते आणि खोऱ्यातून बाहेर पडायला वाटच नव्हती. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे धावू लागली. माझ्या सासूबाईंना या बातमीने जितका आनंद झाला, तितका आमच्याही घरात कुणाला झाला नसेल. हिवाळ्यात त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "रस्ता उघडला का गं?"

त्याच सासूबाईंनी एकदा फोनवर विचारलं होतं, "आगं, तीन म्हयनं शाळा बंद? मग पोरं शिकत्यात कवा?" हा प्रश्न मला आजवर महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांनी विचारला आहे. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण एकसारख्या वेळापत्रकाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या मनातही हीच शंका असते.

खोऱ्यातल्या शाळा साधारण डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि मार्चच्या सुरुवातीला उघडतात. सुट्टी टप्प्याटप्प्याने लागते, लहान मुलांची आधी. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. ते दिवस इथे मार्च ते नोव्हेंबर या काळात बसवले जातात. महाराष्ट्रात मोठी सुट्टी उन्हाळ्यात, इथे हिवाळ्यात, एवढाच फरक आहे. म्हणजे बर्फामुळे शिकणं बुडतं असं नाही. बर्फ पडणारच. विचारायचं ते हे, की तो दोन शैक्षणिक वर्षांच्या मध्ये पडतो, की एकाच वर्षाच्या मध्यावर.

जुन्या पद्धतीत वार्षिक परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत असे. थंडी वाढायच्या आत पेपर संपायचे, मूल पुढच्या वर्गात जायचं, नवी पुस्तकं घरी यायची. मग हिवाळाभर मुलं नव्या पुस्तकांची पानं चाळत, कुणी शिकवणीला जात, कुणी आजोळी. मार्चमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवसापासून नवा अभ्यास सुरू. बदामाला मोहर आलेला असताना, दिवस मोठे होत असताना शिकण्याची सुरुवात व्हायची.

२०२२ मध्ये हे बदललं. राष्ट्रीय वेळापत्रकाशी मेळ घालण्यासाठी परीक्षा मार्च-एप्रिलवर नेल्या. माझी थोरली तेव्हा सातवीत होती. नोव्हेंबरपर्यंत शाळेत सगळा अभ्यासक्रम शिकवून झालेला होता आणि नेहमीप्रमाणे सुट्टी लागली, फक्त परीक्षा झाली नाही. शिकलेलं सगळं तिला उणे तापमानात, भारनियमनात, शाळेशिवाय आणि शिक्षकांशिवाय मार्चपर्यंत डोक्यात जपून ठेवायचं होतं. डिसेंबरात तिला बीजगणिताची समीकरणं सहज सुटत होती, आणि फेब्रुवारीत त्याच समीकरणांपाशी ती रडायला लागली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सुट्टीभर परीक्षेची टांगती तलवार देणं हे मुळातच वाईट, आणि इथे त्या सुट्टीत मुलाला धड ऊबही नसते. मार्चमध्ये परीक्षा झाली तेव्हाही वर्ग थंडगार होते. मग निकाल, मग प्रवेश, आणि शिकायला सगळ्यात चांगले असे वसंतातले दिवस परीक्षेच्या कामात गेले.

माझी मुलगी तरी निभावली, कारण घरात शिकवणारी आई होती. आमच्या शेजारी दल सरोवरावर शिकारा चालवणाऱ्या एका माणसाचं कुटुंब राहतं. चिल्लई कलानमध्ये त्याची कमाई जवळजवळ थांबते. त्याचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गातला. श्रीनगरात हिवाळी कोचिंगचे मोठमोठे वर्ग चालतात, तिथे खोल्या तापवलेल्या असतात आणि फीही तशीच असते. पूर्वी ते कोचिंग म्हणजे पुढच्या वर्गाची तयारी होती, परवडलं तर करायची, नाही तर मार्चमध्ये शाळा शिकवणारच होती. परीक्षा मार्चवर गेल्यावर तेच कोचिंग पास होण्यासाठीची गरज बनलं. त्या मुलाच्या आईने दारात उभं राहून मला विचारलं, "बाजी (ताई), फेब्रुवारीपर्यंत याला ठेवून घ्याल? सगळे पैसे आत्ता नाहीत." मी ठेवून घेतलं. पण खोऱ्यात अशी किती मुलं असतील ज्यांच्या शेजारी शिकवणारं कुणी राहत नाही? वेळापत्रकातल्या एका ओळीने गरीब घरातल्या मुलांचं ओझं वाढवलं, आणि ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांना ते बहुधा कळलंही नसेल.

एकसारख्या वेळापत्रकाच्या बाजूने जे बोललं जातं, ते मी गंभीरपणे ऐकलेलं आहे. बदलीची नोकरी असलेल्यांच्या मुलांना वर्ष न बुडता शाळा बदलता यावी. बारावीनंतर दिल्ली-पुण्यात प्रवेश घेताना इथली मुलं मागे पडू नयेत. पहिला मुद्दा रास्त आहे, पण खोऱ्यात केंद्रीय विद्यालयं आहेत आणि बदलीवर येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची मुलं तिथेच जातात. दुसरा मुद्दा मला उलटाच वाटतो. नोव्हेंबरमध्ये बारावी देणाऱ्या मुलाचा निकाल हिवाळ्यातच लागतो आणि मे महिन्यातल्या नीटसाठी त्याला सलग मोकळे महिने मिळतात. मार्चमध्ये बोर्ड देणाऱ्याला ते मिळत नाहीत.

हिवाळ्यात ऑनलाइन शिकवा, म्हणजे सलगता राहील, असंही सुचवलं जातं. आम्ही ते करून पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०१९ नंतर इथे फोरजी बंद होतं आणि ते संपूर्ण खोऱ्यात पुन्हा सुरू झालं ५ फेब्रुवारी २०२१ ला. कोविडचा पहिला हिवाळा मुलांनी टूजीवर काढला, गणिताचा एक व्हिडिओ उतरवून घ्यायला अर्धी सकाळ जायची. आता नेटवर्क चांगलं आहे, पण वीज गेली आणि फोनची बॅटरी संपली की वर्ग संपला. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर बाहेर जातो, त्या घरात तर वर्ग सुरूच होत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या नव्या सरकारने नववीपर्यंतच्या परीक्षा पुन्हा नोव्हेंबरवर आणल्या आणि पुढच्या वर्षी मोठ्या वर्गांच्याही. निर्णय योग्य होता, आणि तो घेतल्याबद्दल मला सरकारविषयी आदर वाटतो. पण तो ऑक्टोबरच्या अगदी अखेरीस आला आणि परीक्षा लगेच हिवाळ्याच्या तोंडावर. मार्चच्या हिशेबाने शिकवत आलेल्या शिक्षकांनी उरलेले धडे पळवले, मुलांनी घाईघाईत घोकले. साधारण दोन वर्षांत मुलांचं वेळापत्रक दोनदा उलटंपालटं झालं. पुन्हा कुणाला एकसारखेपणाची ओढ लागली आणि तिसऱ्यांदा हेच झालं, तर ते मी मुलांवरचा अन्याय मानेन.

हिमाचलने हा गुंता फार पूर्वी शहाणपणाने सोडवला आहे. तिथे उन्हाळी सुट्टीच्या शाळा वेगळ्या आणि हिवाळी सुट्टीच्या शाळा वेगळ्या. सिमला, किन्नौर, लाहौल-स्पितीकडची मुलं जानेवारीत घरी असतात आणि त्यांच्या बिगर-बोर्ड वर्गांच्या वार्षिक परीक्षा डिसेंबरात आटोपतात. खालच्या सखल भागातल्या शाळांचं वेळापत्रक निराळं. राज्य एक, बोर्ड एक, आणि तरीही दोन वेळापत्रकं वर्षानुवर्षं चालतात. दिल्लीतल्या केंद्रीय बोर्डालाही अखेर हे पटलेलं दिसतं. २०२६ पासून दहावीच्या वर्षाला दोन परीक्षा ठेवताना, बर्फाळ भागातल्या शाळांच्या मुलांना फेब्रुवारीची किंवा मेची, कोणतीही निवडण्याची मुभा त्या बोर्डाने दिली आहे.

आता महाराष्ट्राकडे येते. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि विदर्भात आठ-पंधरा दिवस उशिरा, कारण नागपूर-चंद्रपूरचं ऊन तोवर उतरलेलं नसतं. ही सवलत आपण इतकी गृहीत धरतो की तीही हवामानाने आखलेली आहे, हे लक्षातही राहत नाही. २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक काढून पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या गेल्या, तेव्हा विदर्भातून विरोध झाला आणि तो रास्त होता. शाळा १ एप्रिललाच सुरू कराव्यात, ही चर्चाही अधूनमधून होते. ज्या शाळेच्या छतावर पत्रा आहे आणि पंख्याला वीज नाही, तिथे एप्रिलमध्ये चौथीच्या मुलाने पेपर लिहिणं आणि श्रीनगरात फेब्रुवारीत बधिर हाताने उजळणी करणं यांत मला फरक दिसत नाही. माझ्या माहेरी, खानापूरच्या माळावर, एप्रिल कसा असतो ते मला ठाऊक आहे. मुलाला कधी शिकता येतं, हे त्याच्या गावच्या हवेवर ठरतं. मंत्रालयातल्या खोलीत बारा महिने सारखंच हवामान असतं, आणि वेळापत्रक तिथे बसून ठरवायचं असेल तर निदान ज्या गावांवर ते लागू होणार तिथल्या शिक्षकांना आधी विचारायला हवं.

काश्मीरमध्येसुद्धा नोव्हेंबरची परीक्षा आली म्हणून काम संपलेलं नाही. नोव्हेंबर आता निर्धोक राहिलेला नाही. २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोन वर्षं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जड, ओला बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांची पानं तेव्हा गळलेली नव्हती, त्या पानांवर बर्फ साचला आणि फांद्या मुळापासून चिरल्या. शोपियानच्या बागाईतदारांची पंधरा-वीस वर्षांची झाडं एका रात्रीत गेली. अशा बर्फात दहावीचं मूल परीक्षा केंद्रावर कसं पोहोचेल? इथल्या बोर्डाची सॉफ्ट झोन आणि हार्ड झोन अशी विभागणी आहे, दुर्गम बर्फाळ भागांच्या परीक्षा वेगळ्या वेळी होतात. राझदान खिंडीपलीकडचं गुरेझ किंवा साधना खिंडीपलीकडचं करनाह यांचे रस्ते पहिल्या मोठ्या बर्फातच अडतात. या याद्या दरवर्षी त्या वर्षीचा बर्फ बघून तपासल्या जाव्यात, आणि दुर्गम भागातल्या मुलांची केंद्रं त्यांच्याच गावात असावीत. चालत दोन गावं ओलांडून पेपरला येणारं मूल पहिला अर्धा तास हात चोळण्यातच घालवतं.

वर्ग तापवण्याची सोयही हवी. थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासूनच जाणवू लागते आणि पुष्कळ सरकारी शाळांत आजही मुलं जमिनीवर बसतात. बुखारी आणि लाकूड यांचा खर्च शाळेच्या वार्षिक तरतुदीत खडू-फळ्याइतकाच नेमाने धरला गेला पाहिजे. तो डिसेंबरात मंजूर होऊन काहीच उपयोग नाही.

एक घटना मात्र मला फार आशादायक वाटते. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर शाळा १ मार्चला उघडायच्या होत्या. नेमका तेव्हाच महिनाभर न पडलेला बर्फ पडला, आणि सरकारने सुट्टी सहा दिवसांनी वाढवून शाळा ७ मार्चला उघडल्या. आदेश आला तो शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. दप्तरं भरलेली होती, गणवेशाला इस्त्री झाली होती, मुलं हिरमुसली. तरी त्या सहा दिवसांनी नववीपर्यंतच्या कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ही मुलं नव्या वर्गात जाणार होती आणि त्यांचा कुठलाही पेपर अडला नव्हता. त्यांची परीक्षा मार्चमध्ये असती तर त्याच सहा दिवसांनी वेळापत्रकं कोलमडली असती, निकाल लांबले असते, आणि शिकारेवाल्याच्या मुलाला माझ्याकडे आणखी काही आठवडे मागच्याच वर्षाची उजळणी करावी लागली असती.